डोमिसाईल : सेतूतलं नव्हे, आय-८६४ मधलं

सासऱ्यांच्या कानावर फक्त "डोमिसाईल लागतंय" एवढंच गेलं आणि दुसऱ्या दिवशी ते कराडच्या तहसीलला हजर. पुतण्याच्या इंजिनिअरिंग ॲडमिशनच्या वेळी त्यांनीच ते काढलं होतं, त्यामुळे कोणते कागद लागतात ते तोंडपाठ. "सूनबाई, शाळेचा दाखला आणि रेशनकार्डाची झेरॉक्स पाठव, सेतूत ओळख आहे." येताना सातबाराचा ताजा उताराही घेऊन आले. त्याच पुतण्याच्या टुरिस्ट व्हिसाला एजंटनं तो मागितला होता. आपली जमीन आहे, पोरगा परत येणार, हे साहेबाला पटवायचं असतं ना!

आमचं प्रकरण नेमकं उलटं होतं. मी अमेरिकेची नागरिक. अकराव्या वर्षी आईबाबांबरोबर न्यू जर्सीला गेले, शिक्षण तिकडेच, आणि २०१७ मध्ये दोन वर्षांसाठी म्हणून पुण्यात नोकरीला आले ती राहिलेच. लग्नही इथेच झालं. नवऱ्यासाठी इमिग्रंट व्हिसाचा अर्ज केला तेव्हा कळलं की परत जाण्याचा हेतू सिद्ध करायचाय तो त्यानं नाही, मी. आणि परत म्हणजे अमेरिकेत. सातबारा देवघराच्या कपाटात गेला.

नियम असा आहे. आय-१३०, म्हणजे जोडीदारासाठीचा मूळ अर्ज, मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटर या अमेरिकन सरकारी कार्यालयाकडे जातं. तिथे १२० आणि ३२५ डॉलर अशा दोन फिया भरायच्या आणि आय-८६४ म्हणजे सांभाळाची हमी द्यायची. ही हमी देणाऱ्याचं डोमिसाईल, म्हणजे कायमचं बिऱ्हाड, अमेरिकेत असावं लागतं. तुम्ही भारतात राहत असाल तर दोनच वाटा. एक, 'मी तात्पुरती बाहेर आहे, बिऱ्हाड कधी मोडलंच नाही' हे दाखवा. दोन, 'जोडीदार अमेरिकेत पाऊल ठेवेल त्या दिवसापर्यंत मी तिथे बिऱ्हाड पुन्हा थाटणार आहे' हे दाखवा. अमेरिकन सरकारच्या किंवा काही ठरावीक संस्था-कंपन्यांच्या नोकरीवर बाहेर असलेल्यांना वेगळी सवलत आहे. माझी नोकरी पुण्यातल्या साध्या कंपनीत, सहा-सात वर्षं झालेली. तात्पुरतं म्हणायला मलाच लाज वाटली असती. मी दुसरी वाट धरली.

इथे बहुतेकांची एक समजूत असते, माझीही होती : बाबा न्यू जर्सीतल्या एडिसनला आहेत, ते जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे पैशांची जोडहमी देणारे, होतील, प्रश्न मिटला. नाही मिटत. जॉइंट स्पॉन्सर पैशांची उणीव भरून काढतो, डोमिसाईलची नाही. मूळ अर्ज करणाऱ्याचं डोमिसाईल बसत नसेल तर बाबांचा पगार कितीही असला तरी उपयोग शून्य. म्हणून आधी डोमिसाईलची फाइल, मग पैशांची.

फाइलमध्ये पहिलं माझं पत्र. पहिल्या खेपेला मी लिहिलं होतं, "आम्हा दोघांची अमेरिकेत स्थायिक होण्याची मनापासून इच्छा असून योग्य वेळी आम्ही तिकडे जाऊ." मामेबहीण याच चक्रातून गेलेली. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, "हे लग्नपत्रिकेसारखं झालंय. तारीख कुठाय?" मग नवं लिहिलं. नोकरीचा राजीनामा कधी देणार, नोटीस किती दिवसांची, एडिसनला आईबाबांच्या घरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहणार, पहिले काही महिने भाडं नाही, माझ्या क्षेत्रातल्या किती जागांना अर्ज केले, आणि मी नवऱ्याच्या आधी किंवा त्याच विमानानं जाणार. एक पान. प्रत्येक वाक्यामागे एक कागद. ज्या वाक्याला कागद सापडला नाही ते खोडलं. 'मनापासून'ला कागद नव्हता, तेही गेलं.

मग ते कागद. बाबांचं सहीचं पत्र, की ही दोघं आमच्याकडे राहणार, सोबत घराच्या मालकीचा पुरावा. कॉलेजपासूनचं तिकडचं बँक खातं मी कधी बंद केलं नव्हतं, पण त्यात जेमतेम चारशे डॉलर होते. दर दोन महिन्यांनी इथून थोडे थोडे पैसे पाठवायला लागले आणि प्रत्येक पाठवणीची पावती ठेवली. शेवटच्या आठवड्यात एकदम रक्कम टाकण्यापेक्षा हे बरं दिसतं, असं माझं मत. नोकरीच्या अर्जांची उत्तरं, नकारसुद्धा, छापून लावली. ऑफर लेटर हातात असलंच पाहिजे असं नाही. आम्हाला मूल नाही, पण असेल तर तिकडच्या शाळेतल्या प्रवेशाची चौकशीही चालते. तिकडच्या निवडणुकीत केलेलं मतदानही पुरावा म्हणून चालतं. त्यात एक गंमत आहे. बाहेर राहणाऱ्या मतदारांच्या फेडरल पोस्ट कार्ड अर्जात 'परत जाण्याचा इरादा आहे' आणि 'परत जाणं अनिश्चित आहे' असे वेगवेगळे चौकोन असतात. तुम्ही मागे कधी दुसऱ्यावर खूण केली असेल तर तो कागद अभिमानानं फाइलला लावू नका.

सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो भाडेकराराने. कोथरूडच्या फ्लॅटचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार संपत आला होता आणि मालक काका नूतनीकरणासाठी मागे लागलेले. सही केली असती तर माझ्याच हातानं लिहून दिल्यासारखं झालं असतं की पुढचं वर्ष मी पुण्यातच आहे. काकांना घरी बोलावलं, चहा झाला, सगळं सांगितलं. त्यांना आधी वाटलं भाडं कमी करून हवंय. शेवटी मुदत लहान ठेवली आणि महिनाभराच्या नोटिशीवर घर सोडता येईल असं कलम घातलं. त्या कराराची प्रतही लावली. स्कूटर विकायची बोलणी, पॅकर्सचं कोटेशन, हेही लावलं. या फुटकळ कागदांकडे कोणी बघतं की नाही देव जाणे, पण माणूस खरंच निघालाय हे त्यातूनच दिसतं असं मला वाटतं.

ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारतात राहू देणारं कार्ड, मात्र फाइलला लावलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. विचारलं तर दाखवायचंच, पण परत जाण्याचा तो पुरावा नाही.

आता टॅक्स. इथे माझी स्वतःची चूक. अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहिला तरी त्याला तिकडचं रिटर्न भरावं लागतं, आणि मी भरलेलं नव्हतं. पगार इथला, टीडीएस इथे कापला जातो, मग तिकडे काय, असा समज. आय-८६४ सोबत निदान शेवटच्या वर्षाचं रिटर्न किंवा आयआरएसची, म्हणजे तिकडच्या टॅक्स खात्याची, ट्रान्सक्रिप्ट (रिटर्नचा उतारा) लागते. मुद्दाम न टाळलेल्या, बाहेर राहणाऱ्या लोकांसाठी स्ट्रीमलाइन्ड नावाची सोय आहे : मागच्या तीन वर्षांची रिटर्नं आणि सहा वर्षांचे एफबार, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या खात्यांची माहिती देणारे फॉर्म. हे एफबार वर्षात कधीही सगळ्या खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली तर भरायचे असतात, आणि त्या बेरजेत एफडीही धरतात. हे सगळं निस्तरायला मला चार महिने लागले. तुम्ही आय-१३० टाकतानाच सुरू करा.

त्यातून आणखी एक वळसा. परदेशातल्या पगारावरची सूट घेतली की ट्रान्सक्रिप्टवर उत्पन्न जवळजवळ शून्य दिसतं. शिवाय पुण्यातला पगार मी तिकडे गेल्यावर थांबणारच, म्हणून तो तसाही धरत नाहीत. तोच मालक तिकडूनही काम चालू ठेवणार असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून बाबा जॉइंट स्पॉन्सर झाले. हमीसाठी लागणाऱ्या किमान उत्पन्नाच्या २०२४ च्या तक्त्याप्रमाणे दोन माणसांच्या कुटुंबाला वर्षाला २५,५५० डॉलर लागत होते. बाबांना आई आणि जावई धरून तिघांचा हिशोब, म्हणजे ३२,२७५. आकडे दरवर्षी बदलतात, सही करताना चालू तक्ता बघा. बाबांना एक गोष्ट सहीआधी नीट सांगितली : ही हमी घटस्फोटानेसुद्धा संपत नाही. ते म्हणाले, "मग तुम्ही भांडू नका."

फॉर्ममध्ये डोमिसाईलच्या देशासाठी एक रकाना आहे. तिथे मी अमेरिका लिहिलं, राहण्याचा पत्ता मात्र खरा, कोथरूडचाच. दोन्हींत विसंगती दिसते, ती पत्रात पहिल्याच ओळीत उलगडून सांगितली. पत्ता बाबांचा टाकून पुणं दडवायचा सल्ला मला दोघांनी दिला. तो ऐकू नका. नवऱ्याच्या डीएस-२६० या व्हिसा अर्जामध्ये पुणं येतंच, आणि ही हमी शपथेवरची आहे. खरंच परत जायचं नसेल तर हा व्हिसा मागूच नये. ग्रीन कार्ड घेऊन भारतात बसून राहिलं तर ते टिकत नाही.

मुलाखत मुंबईला, बीकेसीतल्या वकिलातीत. नवरा आत, मी बाहेर रिक्षांच्या गर्दीत त्याचा मोबाइल सांभाळत. आधीच्या रात्री त्याची तयारी घेतली होती, कारण पत्र माझं असलं तरी खिडकीसमोर उत्तर त्याला द्यायचं होतं. बायको कुठे राहणार, कधी जाणार, आत्ता काय करते. लग्नाचे फोटो त्यानं नेले होते, ते पिशवीतच राहिले. त्याला विचारलं, "तुमच्या पत्नी आधी जाणार की बरोबर?" तो म्हणाला, "त्याच विमानाने. राजीनामा दिलाय, पत्र फाइलमध्ये आहे." अधिकाऱ्यानं ते पान काढून पाहिलं.

तिकीट मात्र व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात आल्यावरच काढा, आणि दोघांचं एकत्र काढा. फाइलची एक प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनला टाकू नका.