महापौर व्हायचंय? मग फलक लावण्याआधी या चुका टाळा

महापालिकेची निवडणूक जवळ आली की ठाण्याच्या तीन हात नाक्यापासून नवी मुंबईच्या बेलापूरपर्यंत 'भावी महापौर' असे फलक झळकू लागतात. गेल्या तीन निवडणुकांत मी उमेदवारांचे अर्ज भरून देणं, मतदार याद्या चाळणं आणि मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल मांडून बसणं ही कामं केली आहेत. ठाण्यात केली, खाडीपलीकडे ऐरोली-कोपरखैरण्यातही केली. या काळात कामाची, सच्ची माणसं पडताना पाहिली. लोकांना ती नको होती असं फार कमी वेळा घडलं. बहुतेक जण कागदात पडले, याद्यांत पडले, नाहीतर निकालानंतरच्या आठवड्यात गाफील राहिले.

महापौर लोक निवडतात, हा गैरसमज

अंबरनाथ-बदलापूरला नगरपरिषद आहे, तिथे नगराध्यक्ष थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो. ठाणे आणि नवी मुंबई या महापालिका. इथे लोक नगरसेवक निवडतात आणि नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी. ठाण्यात १३१ नगरसेवक, म्हणजे ६६ चा आकडा गाठावा लागतो. नवी मुंबईत १११, तिथे ५६. स्वीकृत, म्हणजे लोकांनी न निवडता नेमलेले सदस्य सभागृहात बसतात, बोलतात, पण महापौराच्या निवडणुकीत त्यांना मत नसतं. हे माहीत नसल्याने गणित चुकलेलं मी पाहिलं आहे.

म्हणून शहरभर फलक लावण्यात पैसा घालू नका. विनापरवाना फलकांवर गुन्हा दाखल होऊ शकतो, उच्च न्यायालयाने त्याबद्दल पालिकांना वारंवार फटकारलं आहे. शिवाय तुमच्याच पक्षातल्या ज्या ज्येष्ठाचं मत उद्या तुम्हाला लागणार आहे, तो त्या फलकाखालून रोज जातो. तुमची लढाई एका प्रभागात आहे, ती आधी जिंका.

आरक्षणाचा जुगार

२०२६ मध्ये मतदान १५ जानेवारीला झालं, आणि महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत मंत्रालयात निघाली २२ जानेवारीला. म्हणजे लोकांनी मतं दिली तेव्हा आपल्या शहराचं महापौरपद कोणत्या प्रवर्गाला जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं तयारी केलेला माणूस एका चिठ्ठीने बाजूला होतो. त्याला इलाज नाही.

पण एक तयारी तुमच्या हातात आहे. तुम्ही मागास प्रवर्गातले असाल तर सर्वसाधारण जागेवरून लढत असलात तरी जात वैधता प्रमाणपत्र काढून ठेवा. खुल्या जागेवर निवडून आलेला नगरसेवकही आरक्षित महापौरपदासाठी उभा राहू शकतो, फक्त कागद हवा. सोडतीनंतर पडताळणी समितीच्या दारात धावून काही हाती लागत नाही. आता ज्यांची संधी हुकली त्यांनीही हे काम आजच हाती घ्यावं, कारण अडीच वर्षांनी पुन्हा सोडत आहे.

कागदात पडणारे

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण ही पूर्णपणे टाळता येणारी हार आहे.

एक प्रसंग सांगतो. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, मुदत दुपारी तीनची. आमचे उमेदवार निवृत्त शिक्षक, आयुष्यात कधी थाप न मारलेला माणूस. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने शपथपत्र उलटून पाहिलं आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. पत्नीच्या नावावरचं कर्ज, हा रकाना रिकामा. सर म्हणाले, "अहो, कर्जच नाही तर लिहू काय?" कर्मचारी शांतपणे म्हणाला, "सर, 'निरंक' लिहा. रिकामं नका ठेवू." एक शब्द लिहायचा, पण शपथपत्र नोटरी झालेलं. नवीन प्रत काढा, पुन्हा सही, पुन्हा शिक्का. खाली नोटरीपुढे आमच्यासारखेच नऊ-दहा जण उभे. मी झेरॉक्सवाल्याकडे धावलो, सरांची मुलगी नोटरीच्या रांगेत उभी राहिली. अर्ज आत गेला तेव्हा तीन वाजायला अकरा मिनिटं होती. सर घामाघूम होऊन बाकावर बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

तेव्हापासून माझा नियम आहे. शपथपत्रातल्या प्रत्येक रकान्यात काहीतरी लिहिलेलं पाहिजे, 'निरंक' किंवा 'लागू नाही'. अर्ज शेवटच्या दिवशी न भरता आधी भरा. एकाच जागेसाठी एकापेक्षा जास्त अर्ज भरता येतात, त्याचा फायदा घ्या. सूचक आणि अनुमोदक त्याच प्रभागाचे मतदार आहेत ना, हे त्यांच्या तोंडी सांगण्यावर न सोडता यादीत अनुक्रमांक पाहून तपासा. उमेदवार स्वतः मात्र शहरातल्या कोणत्याही प्रभागाचा मतदार असला तरी चालतो. मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि शौचालयाचा दाखला महिनाभर आधी घेऊन ठेवा. पक्षाच्या आश्वासनावर विसंबू नका, एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, प्रत्यक्ष हातात येईपर्यंत तुम्ही त्या पक्षाचे उमेदवार नाही.

अपात्रतेची कलमं तर घरात बसून, घरच्यांसमोर वाचा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर दार बंद. पालिकेच्या कंत्राटात तुमची थेट किंवा आडून भागीदारी असेल तरीही. आणि अनधिकृत बांधकाम: स्वतः, पती-पत्नीने किंवा तुमच्यावर अवलंबून असलेल्या माणसाने केलेलं बांधकामसुद्धा नगरसेवकपद घालवू शकतं. नवी मुंबईच्या गावठाणांत हा विषय जिव्हारी लागणारा आहे. घणसोली असो की दिवाळे, प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेली घरं ही पिढ्यांची वेदना आहे, ते मी जाणतो. तरीही विरोधक याच मुद्द्यावर हरकत घेईल. कधीकाळी आलेली नोटीस कपाटात असेल तर वकिलाला आधी दाखवा, छाननीच्या टेबलावर नको.

मतदार यादी उशिरा उघडणं

पालिकेच्या निवडणुकीला वेगळी मतदार नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी ठरलेल्या तारखेला घेतली जाते आणि प्रभागांत फोडली जाते. त्या तारखेनंतर अर्ज केलेला मतदार तुमच्या कामाचा नाही. घोडबंदर रोडवर दर वर्षी नवे टॉवर उभे राहतात, लोक राहायला येतात, पण त्यांचं नाव अजून डोंबिवलीत, मुलुंडमध्ये किंवा गावच्या यादीत असतं. प्रचारात ते हसून हात हलवतात आणि मतदानाच्या दिवशी यादीत सापडत नाहीत. नोंदणीची मोहीम निवडणूक जाहीर होण्याच्या निदान वर्षभर आधी करा, सोसायटीच्या सेक्रेटरीला हाताशी धरून.

यादी फोडताना एक इमारत दोन प्रभागांत विभागली जाते, एखादी गल्लीच शेजारी सरकते. प्रारूप यादी लागली की हरकतींसाठी मोजके दिवस असतात. त्या दिवसांत इमारतवार यादी घेऊन प्रभागात फिरा. ती मुदत टळली की उपाय नाही.

एकट्याचा प्रचार

चार नगरसेवकांच्या प्रभागाची सवय ठाण्याला होती, नवी मुंबईकरांनी ती २०२६ मध्ये पहिल्यांदा पाहिली. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८ लाखांच्या वर आणि प्रभाग ३३, म्हणजे एकेका प्रभागात सरासरी पन्नास हजारांहून जास्त माणसं. एकट्याने दारोदार जाऊन हे होत नाही.

मतदाराला अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी बटण दाबावं लागतं, कुणी नको असेल तर नोटा. एक मत देऊन लोक बाहेर पडायला निघतात आणि केंद्राध्यक्ष त्यांना परत बोलावतो, हे दृश्य मी कित्येकदा पाहिलं आहे. विशेषतः म्हाताऱ्या आजी-आजोबांची फार तारांबळ उडते. पॅनेलमधल्या चौघांनी एकत्र फिरावं, नमुना मतपत्रिका घेऊन आपला क्रमांक कोणत्या जागेत कितवा हे हातात धरून दाखवावं. चौघांत रुसवा असेल तर तो अर्ज भरण्याआधी मिटवा. दुसऱ्याचं चिन्ह न सांगता फक्त स्वतःचं सांगणारा उमेदवार कार्यकर्त्यांच्या लगेच लक्षात येतो, आणि पुढे महापौरपदासाठी मत मागताना त्याला हेच ऐकावं लागतं.

जे हातात नाही त्याचं वचन

ठाण्याच्या दिवा भागात एका सभेनंतर हंडा कडेवर घेतलेली बाई पुढे आली आणि उमेदवाराला म्हणाली, "दादा, चोवीस तास पाणी देणार म्हणता, ते आणणार कुठून?" त्याला उत्तर देता आलं नाही. ठाण्याला स्वतःचं धरण नाही. स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि स्वतःची योजना अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून पाणी येतं. नवी मुंबईकडे मोरबे धरण आहे. एकाच भाषणात दोन्ही शहरांत सारखंच वचन देणारा माणूस लोकांना कळतो.

ठाण्यातली मेट्रो एमएमआरडीए या प्रदेश विकास प्राधिकरणाची, नवी मुंबईतली सिडको महामंडळाची, लोकल रेल्वेची, नवी मुंबईतले बरेच भूखंड सिडकोचे. पालिकेतही कारभाराचे अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात, खर्चाच्या नाड्या स्थायी समितीकडे. महापौर सर्वसाधारण सभा चालवतो. कोणता विषय चर्चेला येतो, प्रशासनाला किती खोलात उत्तर द्यावं लागतं, हे त्या खुर्चीवरून ठरतं. हे मोठं काम आहे. लोकांना तेच सांगा: "तुमचा पाण्याचा प्रश्न सभागृहात लावून धरीन, आयुक्तांकडून तारीख घेईन."

निकालानंतर झोपणं

गुलाल उधळला की माणसं देवदर्शनाला जातात. खरी धावपळ तेव्हाच सुरू होते. पक्षाच्या नगरसेवकांचा गट बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे नोंदवायचा असतो. त्यानंतर पक्षादेश (व्हिप) लागू होतो आणि तो मोडणाऱ्याचं पद जाऊ शकतं. तरीही मतं फुटतात. १९८९ मध्ये ठाण्यात मतं फुटली आणि शिवसेनेचं महापौरपद गेलं, ते ठाणेकर अजून विसरलेले नाहीत. आता हात वर करून मतदान होतं, त्यामुळे फुटणारा बऱ्याचदा विरोधात हात वर करत नाही, गैरहजर राहतो. म्हणून प्रत्येकाला स्वतः भेटा, फोनवर उरकू नका. पहिल्यांदा निवडून आलेल्या नगरसेविकेला तिच्या प्रभागातलं एक काम विचारा आणि ते लिहून घ्या.

निवडीच्या दिवशी पीठासीन अधिकारी अर्ज मागे घ्यायला पंधरा मिनिटं देतात. त्या पंधरा मिनिटांत कोण मागे घेणार, हे आदल्या रात्रीच ठरलेलं असावं.

आणि खर्चाचा हिशेब. ठाण्यात उमेदवाराला १३ लाखांची मर्यादा होती, नवी मुंबईत ११ लाखांची. निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यालासुद्धा. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. हरलेला उमेदवार निराशेत बिलं गोळा करत नाही, मांडववाला पावती देत नाही, आणि पुढच्या वेळी अर्जाच्या खिडकीवर त्याला हे कळतं. बिलांची फाईल पहिल्या दिवसापासून घरातल्या एकाच माणसाकडे द्या.