कळप उतरण्याआधीची बैठक : तळोदा-शहादा (जि. नंदुरबार) पट्ट्यासाठी तयारीची यादी

शेतकरी आणि कळपवाले यांच्यात वाट, चराई, पाणी आणि भरपाई यांचा करार ठरवायची ही बैठक घ्यायची ती पोळा आणि नवरात्र यांच्या मधे. दिवाळी झाली की ठेलारी मेंढपाळांचे वाडे म्हणजे मेंढ्यांचे कळप आणि काठेवाडी पशुपालकांच्या खांडी म्हणजे गायींचे कळप काळ्या शिवाराकडे सरकू लागतात. तोवर हरभरा, गहू, दादर (रब्बी ज्वारी) उगवून आलेली असते आणि मग बोलावलेल्या बैठकीला लोक फक्त भरपाई मागायला येतात.

आधी बाजू मोजा. या पट्ट्यात त्या दोन नाहीत, तीन आहेत. ऊस-केळी-पपईवाली जुनी गावं, फिरस्ते पशुपालक, आणि सरदार सरोवरात गाव गेल्यामुळे अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरातून खाली आणून बसवलेली भिल्ल-पावरा कुटुंबं. महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणानं बाधित झाली आणि पुनर्वसनासाठी तळोद्याची एकूण ४२०० हेक्टर वनजमीन टप्प्याटप्प्यानं मोकळी करण्यात आली. सोमावल, रोझवा, रेवानगर या वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. गोम अशी की ती जमीन रिकामी नव्हती. जंगल साफ करून नेवाड (वनजमिनीवरचं शेत) कसणारे स्थानिक आदिवासी तिथं आधीपासून होते, आसपासच्या गावांची गुरंही तिथंच चरत. आज सौदा होतो तो बहुतेक वेळा कळपाचा मुखिया आणि जुन्या गावची पीक संरक्षण सोसायटी यांच्यात. पैसा सोसायटीत जमा होतो, लेंडीखत जुन्या गावच्या शेतात पडतं, आणि कळप ये-जा करतो वसाहतीच्या पाच-पाच एकरांच्या बांधावरून. हा हिशेब सरळ केल्याशिवाय बाकीची तयारी कितीही चोख असली तरी डिसेंबरात काठ्या निघतातच.

म्हणून पहिलं काम कागदाचं. भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावाचा आणि वसाहतीचा, असे दोन्ही नकाशे आणा. एकावर काम करू नका, कारण जुन्या नकाशात वसाहत दिसतच नाही आणि नव्या नकाशात कळपाची वाट नसते. गाव नकाशावर दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, एकेरी म्हणजे पायमार्ग. त्या रेघा लाल पेन्सिलीनं गिरवा. गायरानाचे गट नंबर तलाठ्याकडून लिहून घ्या आणि त्यातलं आज प्रत्यक्षात किती उरलंय ते वेगळं लिहा. वनखात्याकडून नव्या रोपवनाचे कक्ष विचारा, ते चराईला बंद असतात. ज्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेत तिथं चराईचा शब्द ग्रामसभेकडूनच घ्यायचा, वनरक्षकाच्या तोंडी परवानगीवर विसंबायचं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात फिरस्त्या पशुपालकांची हंगामी चराईही धरलेली आहे. हे जुन्या गावच्या मंडळींना बहुधा ठाऊक नसतं आणि पशुपालकांना तर कुणी सांगितलेलंच नसतं. बैठकीच्या आधी दोघांनाही सांगून ठेवा, म्हणजे भर बैठकीत कुणी कायद्याचं नाव काढून दुसऱ्याचं तोंड बंद करणार नाही.

नकाशा घेऊन वाट चालून या. प्रत्येक बाजूची दोन माणसं, सोबत पोलीस पाटील. कोणत्या बांधावर वाट अरुंद झालीय, कुठं ठिबकच्या नळ्या वाटेवर आल्यात, कुठं नाल्याचा उतार इतका तीव्र आहे की गाय फिरून शेतातूनच जाते, हे सगळं तिथल्या तिथं नकाशावर खुणावा. मेंढ्या बांधाला धरून चालतात, गायी पसरतात. मेंढ्यांना पुरणारी वाट दोनशे गायींना पुरेल असं धरू नका. जिथं अडचण आहे तिथं दोनच उपाय असतात. एक तर शेतकऱ्यानं चार काकर आत सरून पेरायचं आणि त्याबदली काही घ्यायचं, किंवा तेवढ्या तुकड्यावरून कळपानं दिवसा आणि पुढे-मागे दोन-दोन माणसं ठेवूनच जायचं.

माणसं निवडताना पदांपेक्षा रात्री शेतात कोण असतं ते पाहा. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असते तेव्हा पाणी भरायला जातो सालदार. रखवालीला असतो सोसायटीचा रखवालदार. कळपामागे असतात सोळा-सतरा वर्षांची पोरं. पहिली झटापट याच तिघांत होते, सरपंच आणि मुखिया सकाळी कळल्यावर येतात. त्यातही हे सालदार आणि रखवालदार अनेकदा वसाहतीतले किंवा नेवाडवाले असतात. म्हणजे मालकाच्या पिकासाठी काठी उचलणार तो, मार खाणार तो, आणि त्याच रात्री त्याच्या स्वतःच्या हरभऱ्यात कोण शिरलं ते बघायला कुणी नसतं. प्रत्येक बाजूची पाच माणसं बोलवा, त्यांत किमान दोन अशी रात्रीची. बायका हव्यातच. मेंढपाळांच्या तळावर बिऱ्हाड चालवते बाई, कोणत्या रात्री किती जनावर परत आलं नाही हे तिला तोंडपाठ असतं.

भाषेचं आधी ठरवा. गुजर शेतकरी गुजरी बोलतो, बाकीचा शिवार अहिराणी, वसाहत भिल्ली-पावरी, काठेवाडी गुजराती. सगळ्यांना थोडी थोडी मराठी येते, आणि घोटाळा तिथंच होतो. मान हलवणं म्हणजे होकार असं धरलं जातं. प्रत्येक ठराव लिहून झाला की त्या त्या बाजूच्या माणसानं तो आपल्या बोलीत आपल्या लोकांना परत सांगायचा आणि त्यानं काय सांगितलं ते दुसऱ्या बाजूच्या जाणत्यानं ऐकायचं. वेळ दुप्पट लागतो, लागू द्या. बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी नको. दुपारी अकरा ते तीनमधे घ्या, दूध घालून झालेलं असतं आणि कळपामागे पोरं असतात. जागा शाळेची ओसरी किंवा पाण्याच्या हाळाजवळची सावली. सोसायटीचं ऑफिस नको, कुणाचं देऊळही नको. खुर्च्या मांडू नका, सतरंजी घाला. खुर्च्या नेहमी एकाच बाजूला मिळतात.

तंटामुक्त गाव समितीचा उपयोग करून घ्या, पण तिच्यावर सगळं टाकू नका. १५ ऑगस्ट २००७ पासूनच्या या मोहिमेत समिती असते ती एका गावाची. कळप त्या गावचा नसतो, आणि वसाहतीला वेगळी समिती असेल तर प्रश्न दोन समित्यांच्या मधे लोंबकळतो. कागदावर तिन्ही बाजूंचे पंच वेगळे लिहा, समितीला साक्षीदार ठेवा.

पाण्याचं गणित आकड्यात करा. नुसतं 'पाणी देऊ' असं लिहिलं तर मार्चमधे विहीर तळाला गेली की भांडण ठरलेलं. उन्हाळ्यात मोठ्या गायीला दिवसाला ५० लिटर धरा, मेंढीला ५ लिटर. २०० गायींची खांड म्हणजे रोज १०,००० लिटर, एक मोठा टँकर. तीस फुटी हाळावर दोन्ही बाजूंनी मिळून एका वेळी तीसेक गायी पाणी पितात. सात फेऱ्या, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे जवळपास सव्वा तास हाळ अडून राहतो. तेवढा वेळ गावातल्या गुरांना मिळणार नसेल तर पाळी ठरवा : गावची गुरं सकाळी, खांड दुपारी. वसाहतीच्या हातपंपावर कळप न्यायचाच नाही, हे वेगळ्या ओळीत लिहा. हाळ भरणाऱ्या पंपाचं बिल कोण देणार, तेही.

तारखांपेक्षा पिकाच्या अवस्था लिहिणं बरं, कारण पाऊस लांबला की तारखा कोलमडतात. 'शेवटची वेचणी झालेली कपाशी मोकळी' असं लिहा, '१५ जानेवारीनंतर मोकळी' असं नको. फरदड (वेचणीनंतर पुन्हा बोंडं घेण्यासाठी राखलेली कपाशी) ठेवणारा शेजारी असतोच, त्याच्या शेताला फांदीची किंवा फडक्याची खूण ठरवा. कपाशीचं एक बरं आहे : वेचणी संपलेल्या शेतात मेंढ्या-शेळ्या सोडा असं शेंदरी बोंडअळीसाठी कृषी खातंच सांगतं, त्यामुळे इथं दोघांचाही फायदा जुळतो. फक्त शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते शेतकऱ्यानं सांगायलाच हवं. मेंढी मेली तर तो वाद वर्षभर पुरतो. ज्वारी कापल्यावर फुटलेल्या कोवळ्या धांड्यांचंही तसंच, त्यात विष असतं आणि गाय तासाभरात आडवी होऊ शकते. असं शेत कोणतं ते मेंढपाळाला ओळखता येतं, पण खांडीमागच्या नव्या पोराला नाही.

मेंढ्या बसवण्याचा भाव हा या सगळ्यातला खरा पैसा. ज्याच्या शेतात वाघूर (मेंढ्या रात्री कोंडायचं जाळं) लागते त्याला खत मिळतं आणि वाड्याला रोख किंवा धान्य. मोठा बागायतदार दर रात्रीचे पैसे मोजू शकतो, वसाहतीतला पाच एकरवाला नाही, म्हणून वाडा त्याच्या शेतातून नुसता जातो. यावर उतारा असा : वाट वापरण्याबद्दल वसाहतीच्या शेतांत ठरावीक रात्री वाडा फुकट बसवायचा. उदाहरणार्थ जुन्या गावात दहा रात्री तर वसाहतीत दोन. कोणाच्या शेतात ते वसाहतीनं चिठ्ठ्या टाकून ठरवावं, पशुपालकानं नव्हे. गायींच्या खांडीला हेच लावता येत नाही असं सांगितलं जातं, ते खरं नाही. गायींचा तळही शेणखत देतो, फक्त तळाची जागा आठवड्याला बदलायची अट घालावी लागते.

नुकसानीचा पंचनामा कसा करायचा हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. २४ तासांच्या आत, पुढचं पाणी देण्याआधी. पाणी दिलं की खुरांचे ठसे जातात आणि मग गाय होती की नीलगाय यावर वाद सुरू होतो. तिन्ही बाजूंचा एकेक माणूस, मोबाइलवर तारीख-ठिकाणासह फोटो, दोरीनं मोजलेलं क्षेत्र. केळी-पपईत झाडं मोजा : शेंडा गेलेली पपई पूर्ण नुकसान, नुसती पानं खाल्लेली केळी नव्हे. हरभरा आणि गहू दोनदा बघा, त्या दिवशी आणि पंधरा दिवसांनी. फुलोऱ्याआधी वरवर खुडलेला हरभरा पुन्हा फुटतो, उपटलेला फुटत नाही. ओंबी निघाल्यावर खाल्लेला गहू गेलाच. दर त्या आठवड्याचा बाजार समितीचा धरा आणि वाचलेला काढणीचा खर्च वजा करा. पैसे सोसायटीच्या दंडात जिरू न देता थेट ज्याचं शेत त्याच्या हातात, पावतीसह. दंड वेगळा आणि भरपाई वेगळी, पावतीपुस्तकंही दोन.

जनावरं अडवली तर काय, याचा स्वतंत्र परिच्छेद हवा. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यानं शेतकऱ्याला पिकात शिरलेली जनावरं अडवता येतात, पण २४ तासांत कोंडवाड्यात पाठवावी लागतात. अडवलेली जनावरं जबरदस्तीनं सोडवून नेणं हाही गुन्हा, आणि विनाकारण अडवली असतील तर मालकाला दहा दिवसांत दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. प्रत्यक्षात कोंडवाडा पडका असतो आणि गायी कुणाच्या तरी खळ्यात बांधल्या जातात. दुभती गाय एक वेळ पिळली नाही तर कास दगडासारखी होते, दोन दिवसांत दगडी (कासेची सूज) होऊन सड जातो, वासरू तिकडे तळावर हंबरत असतं. म्हणून लिहा : अडवलेल्या गायीचं दूध काढायला तळावरची बाई येऊ शकेल, तिला कुणी अडवणार नाही, आणि पाणी-वैरण अडवणाऱ्यानं द्यायची. एवढी एक ओळ असली की निम्मी प्रकरणं त्याच संध्याकाळी सुटतात.

काही गोष्टी बैठकीत घेऊच नका. हाड मोडलं, शस्त्र चाललं, बाईवर हात टाकला, जातीवरून शिवीगाळ झाली, तर पोलीस ठाणं. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा गावपातळीवर मिटवता येत नाही, आणि 'केस मागे घेतली तरच वाट' अशी अट कागदात आली तर तो कागद उलटाच पुरावा ठरतो.

रोगासाठीही ओळ राखून ठेवा. २०२२ च्या साथीत लम्पी (गुरांचा त्वचारोग) राज्यात पहिल्यांदा दिसला तो ऑगस्टमधे, जळगाव जिल्ह्यात, आणि पाठोपाठ गुरांच्या वाहतुकीवर बंदी आली. असं झालं की खांड आहे तिथंच अडकते, चारा संपतो, आणि जाण्याची अवस्था लिहिलेला करार निरर्थक होतो. अशा वेळी तळ कुठं, वैरण कोणत्या भावानं, गावच्या गुरांपासून किती लांब, हे आधीच लिहा. कळप उतरताना लाळ्या-खुरकूत आणि लम्पीच्या लसीकरणाची नोंद बघा, गायींच्या कानातले बारा आकडी बिल्ल्यांचे नंबर वहीत उतरवा, मेंढ्यांच्या रंगाची खूण लिहा. रोगापेक्षाही याचा उपयोग दुसऱ्याच कामाला होतो : मागून आलेली परकी खांड नुकसान करून जाते आणि मार आधीच्या ठरलेल्या कळपाला बसतो. वहीत नंबर असला की एवढं तरी टळतं.

अनामत तिघांनीही ठेवावी. कळपानं नुकसानीसाठी, जुन्या गावानं आणि वसाहतीनं चुकीच्या अडवणुकीसाठी. रक्कम लहान चालेल, पण तिन्ही सह्यांशिवाय निघता कामा नये. कराराच्या चार प्रती : तिघांकडे एकेक आणि पोलीस पाटलाकडे चौथी. प्रत्येक बाजूनं मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंची चौकशी करायला एक माणूस नेमावा, कारण गेल्या वर्षीच्या उद्ध्वस्त केळीचा फोटो दर हंगामात नव्यानं फिरतो.

मधली बैठक जानेवारीच्या शेवटी. भोंगऱ्या बाजाराच्या (होळीआधीचा आदिवासींचा बाजार) आणि होळीच्या आठवड्यात काही ठेवू नका, वसाहत तेव्हा डोंगरात गेलेली असते, आणि नेमकी तेव्हाच तिची शेतं राखणीवाचून असतात. त्या आठ दिवसांसाठी रखवालीची पाळी जुन्या गावाच्या रखवालदारांवर टाका आणि मजुरी सोसायटीच्या दंडाच्या रकमेतून द्या. आखाजीला (अक्षय तृतीयेला) सालदारांचे हिशेब होतात, त्याच दिवशी अनामतीचा हिशेब करा, उरलेली रक्कम परत द्या आणि पुढच्या वर्षी कोणत्या खांडी, कोणते वाडे येणार त्यांची नावं त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या.