पन्नाशी-साठीत पळायला लागताना: दम आधी येतो, पाय मागून

उतारवयात पळायला लागलेल्यांचं गणित बहुतेक वेळा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात चुकतं. सुरुवातीचे पंधरा दिवस बरे जातात, दम वाढतो, कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कडेनं न थांबता बरंच अंतर जातं, हुरूप येतो. मग एका सकाळी पोटरीत बारीक कळ येते आणि बूट महिनाभर कोपऱ्यात पडतात.

हृदय, फुप्फुसं आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच नव्या कामाला सरावतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला, म्हणजे कंडरेला, रक्तपुरवठाच कमी. तिला घट्ट व्हायला महिने लागतात, आणि वय वाढेल तसे जास्तच. पळताना प्रत्येक पाऊल शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भारानं पडतं. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, म्हणून तोच भार सव्वा पटीच्या आसपास राहतो. तेव्हा दम ‘चल’ म्हणत असताना पायाचं ऐकायचं. खाली जे सांगितलंय ते सगळं याच एका हिशेबावर बसवलेलं आहे.

आधी तपासणी

पन्नाशी ओलांडली असेल आणि गेली काही वर्षं व्यायाम नसेल, तर रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्या. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर डॉक्टरांना तो सांगा, ते ट्रेडमिलची चाचणीही सुचवतील. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी मुद्दामच कमी राहते, त्यामुळे घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर वेग ठरवू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर पळताना, आणि नंतर काही तासांनीही, घसरू शकते. खिशात चार-पाच चमचे साखरेची पुडी ठेवा आणि गोळीची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारं दुखणं, घेरी, रोजच्यापेक्षा फार जास्त धाप, यातलं काहीही झालं तर त्याच जागी थांबा आणि सरळ दवाखाना गाठा. “पित्त झालं असंल” म्हणत फेरी पुरी करायची नाही.

चालण्यापासून

पहिले तीन-चार आठवडे फक्त चालायचं. आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटं, झपझप. हा टप्पा सगळ्यांना वगळावासा वाटतो, विशेषतः तरुणपणी तालमीत गेलेल्यांना. पण तीस वर्षांपूर्वीच्या बैठका आज पोटरीच्या कामी येत नाहीत. सलग तीन आठवडे असं चालून दुसऱ्या दिवशी पाय मोकळे वाटत असतील तर पुढं जा.

पळणं आणि चालणं मिळून

आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. प्रत्येक वेळी आधी ५ मिनिटं चालणं, शेवटीही ५ मिनिटं चालणं. मधला भाग असा:

पहिला-दुसरा आठवडा: ३० सेकंद पळणं, ९० सेकंद चालणं, १० वेळा
तिसरा-चौथा: १ मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं, ८ वेळा
पाचवा-सहावा: दीड मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं, ८ वेळा
सातवा-आठवा: २ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, ८ वेळा
नववा-दहावा: ३ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, ६ वेळा
अकरावा-बारावा: ४ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, ५ वेळा

पळण्याची एकूण मिनिटं ५ वरून २० वर जायला बारा आठवडे लागतात. एखादा टप्पा जड गेला तर तोच आणखी दोन आठवडे करा. बाराच्या जागी अठरा आठवडे लागले तरी बिघडत नाही. उलटं मात्र करू नका. “आज भारी वाटतंय” म्हणून पुढच्या टप्प्यावर उडी मारली की त्याचं बिल तीन-चार दिवसांनी येतं. आणि चालण्याची मिनिटं दमल्यावर घ्यायची नसतात, ती ठरल्या वेळी घ्यायची असतात. दम शिल्लक असतानाच चालायला लागलात तर पोटरीला शेवटपर्यंत बळ उरतं.

अंतर मोजू नका. रंकाळ्याला फेरी पुरी करायची म्हटली की शेवटचा तुकडा ओढाताण करून पळला जातो. घड्याळ लावा, निम्मी मिनिटं झाली की मागं फिरा.

वेग किती

कठड्यावर बसलेलं कोणीतरी विचारणारच, “काय काका, पळतायसा का चालतायसा?” त्याला “दोन्ही बी करतोय, या की संगं” असं एका दमात, मध्ये श्वास न घेता सांगता आलं तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांनंतर धाप लागली तर हळू व्हा. जपानमध्ये फुकुओका विद्यापीठातल्या हिरोआकी तानाका यांनी याच तऱ्हेचं सावकाश पळणं लोकप्रिय केलं. त्यांच्या पद्धतीत वेगाचं माप एवढंच, की पळताना चेहऱ्यावर हसू टिकलं पाहिजे.

शेजारून झपझप चालणारा माणूस पुढं गेला तरी हरकत नाही. सुरुवातीला पळण्याचा वेग चालण्याएवढाच, कधी थोडा कमीही असतो.

नाडी बघायचीच असेल तर २०८ मधून वयाच्या ७० टक्के वजा करा. येतो तो नाडीचा कमाल आकडा. साठ वर्षांच्या माणसासाठी २०८ वजा ४२, म्हणजे १६६. त्याच्या ६५ ते ७५ टक्के, म्हणजे १०८ ते १२५ च्या आसपास रहा. हे सूत्र सरासरीचं आहे, माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. बोलता येण्याची कसोटी त्यापेक्षा भरवशाची.

हळू पळणं म्हणजे लांब ढांगा सावकाश टाकणं असं बरेच जण समजतात. नेमकी तिथंच गुडघ्यांची वाट लागते. पाऊल शरीराच्या पुढं जाऊन टाचेवर आपटतं आणि धक्का सरळ वर जातो. पाऊल लहान टाका, कमरेच्या खालीच पडू द्या. उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा जमिनीला लागतो ते मोजा आणि चारनं गुणा. ३५ आले तर मिनिटाला १४० पावलं झाली, ढांग फार मोठी आहे. ४० ते ४२ पर्यंत आणा. कानांनीही कळतं: फरशीवर फाट-फाट आवाज येत असेल तर पाय आपटताय.

कुठं पळावं

सपाट जागा हवी. रंकाळ्याची कड सपाट आहे, पण सुट्टीच्या दिवशी सकाळी गर्दीतून वाट काढताना सारखं वळावं लागतं आणि घोट्यावर ताण येतो. कळंबा तलावाचा परिसरही चांगला. शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला झाडी आहे, पण रस्त्यांना चढ-उतार आहेत. चढावर सरळ चालावं. टेंबलाईची टेकडी पहिले चार महिने पळण्यासाठी नाहीच, आणि त्यातही चढापेक्षा उतार वाईट. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला आवरत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना आठवण येते ती त्याचीच.

डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. कायम एकाच बाजूनं पळलात तर एकच घोटा आत वळत राहतो. जाताना-येताना बाजू बदला, रहदारी बघून.

एप्रिल-मे मध्ये साडेपाच-सहालाच बाहेर पडा. ऊन चढलं की त्याच वेगाला नाडी वर जाते, म्हणजे तोच वेग त्या दिवशी ‘जास्त’ असतो. जून ते सप्टेंबरमध्ये शेवाळलेल्या फरश्या आणि पंचगंगेचा घाट टाळा. पावसानं दोन आठवडे बुडाले तर एक टप्पा मागं जा. महिना बुडाला तर दोन टप्पे.

पायाची तालीम

हा भाग टाळणाऱ्यांचीच पोटरी आधी जाते. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं.

जिन्याच्या पायरीवर फक्त चवडे टेकवून उभं रहा, टाचा हवेत, एक हात कठड्याला. दोन मोजत टाचा वर, तीन मोजत खाली, पायरीच्याही खाली. १२ वेळा, असे तीन फेरे. महिन्याभरानं वर दोन्ही पायांनी जायचं आणि खाली एकाच पायावर उतरायचं. त्यानंतर दोन्ही वेळा एकाच पायावर. एका पायावर सलग २० जमले की पोटरी पळण्यालायक झाली समजा. यातला निम्मा व्यायाम गुडघे किंचित वाकवून करा, कारण पोटरीचा खोलवरचा स्नायू तसाच कामाला लागतो आणि संथ पळण्यात राबतो तो तोच.

जोडीला खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, १० वेळा, तीन फेरे. पूर्ण खाली जाणाऱ्या तालमीच्या बैठका सध्या नकोत. दात घासताना एकेका पायावर ३० सेकंद उभं राहायचं, तोल गेला तर बेसिन आहेच धरायला.

पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडं झपाट्यानं विरळ होतात. साध्या पडण्यानं पूर्वी मनगट मोडलं असेल तर पळण्याआधी हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. पळताना लघवीचे थेंब गळणं पुष्कळ जणींना होतं आणि लाजेनं व्यायाम सुटतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, त्यानं बहुतेकींना फरक पडतो.

कुठं दुखलं तर काय

दोन्ही पायांत सारखं, दुसऱ्या दिवशी जड वाटणारं आणि दोन दिवसांत जाणारं दुखणं नेहमीचं. एकाच पायात, एकाच जागी दुखलं तर लक्ष द्या. दहापैकी तीनपर्यंत दुखत असेल आणि दुसऱ्या सकाळी वाढलं नसेल तर चालू ठेवा. वाढलं तर एक टप्पा मागं.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या चार पावलांना टाचेखाली टोचणं म्हणजे तळव्याचा पडदा ताणलाय. टाचेच्या वरची दोरी सकाळी आखडली तर पायरीचा व्यायाम चालू ठेवा, पळण्याची मिनिटं निम्मी करा. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखत असेल तर भार फार लवकर वाढवलाय. पण नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या भागात एका बोटाएवढ्या जागेवर दाबून कळ आली आणि रात्रीही ठणकलं, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तिथं पळणं बंद, डॉक्टर आधी. पोटरीत अचानक कोणी दगड मारल्यासारखं झालं तर तो स्नायू फाटलेला असतो, चोळू नका. आणि एकच पोटरी सुजून गरम लागली तर शिरेतली गाठ नाही ना, हे त्याच दिवशी बघून घ्या.

बूट

उभा जन्म कोल्हापुरी चपलेत गेलेल्या पायाची बोटं पसरलेली असतात. निमुळत्या बुटात ती दबतात आणि नख काळं पडतं. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोजे घालून बूट घ्या. सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याएवढी जागा हवी. पाच वर्षांपूर्वी मुलानं आणलेले, कपाटात ‘नवेच’ राहिलेले बूट काढू नका. आपल्या पावसाळी दमट हवेत न वापरताही सोल सुटतो किंवा भुगा होतो. आठवड्याला नऊ-दहा किलोमीटर म्हणजे वर्षाला पाचशेच्या आसपास. त्यानंतर तळवा बसतो, बदला.

खाणं

पळण्याआधी अर्धा कप चहा आणि एक केळं पुरे. आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा झाला असेल तर सकाळी आंबट ढेकर येणार, त्या दिवशी नुसतं चाला. स्नायू टिकवायला या वयात वजनाच्या दर किलोमागं रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोला ६० ते ७२ ग्रॅम. पाव लिटर म्हशीच्या दुधात साधारण नऊ, एका अंड्यात सहा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे माप डॉक्टर ठरवतील. रविवारी पळून आल्यावर मिसळ खायची तर खुशाल खा. फक्त कट जिरवायला म्हणून सोमवारी जादा पळू नका.

वहीत काय लिहायचं

किलोमीटर नाही. एका ओळीत तीनच गोष्टी: किती मिनिटं पळणं झालं, बोलता येत होतं का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल कसं पडलं. ‘मंगळवार, १२ मि., बोलता आलं, डावी टाच आखडलेली.’ तिसरा रकाना सलग दोनदा बिघडला की पुढची खेप चालण्याची.