सुपर ८ वर जुने सिनेमे: प्रिंट पारखायची कशी आणि स्वतः काढायची कशी

जुने सिनेमे छोट्या फिल्मवर जमवायला लागलं की पहिली चूक बहुतेक सगळ्यांची एकच होते, सिनेमाचं नाव बघून रीळ घेतलं जातं. मीही तेच केलं होतं, आवडता सिनेमा दिसला की घेऊन टाकायचो आणि घरी लावलं की पडद्यावर सगळं गुलाबी. अनुभवाने कळलेली गोष्ट म्हणून आधीच सांगतो: आपण सिनेमा घेत नसतो, त्याची एक ठराविक प्रिंट, म्हणजे पडद्यावर दाखवायची फिल्मची प्रत, घेत असतो, आणि एकाच सिनेमाच्या दोन प्रिंटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

सगळ्यात आधी गेज, म्हणजे फिल्मची रुंदी आणि प्रकार, ओळखायला शिका. ८ मिमी म्हणजे दोन वेगळे प्रकार आहेत, १९३२ चं स्टँडर्ड ८ आणि १९६५ चं सुपर ८, दोन्ही कोडॅकचेच. रुंदी तीच, पण स्टँडर्डची फिल्म ओढण्यासाठीची कडेची भोकं मोठी आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर असतात, सुपरची बारीक आणि फ्रेमच्या मध्याशेजारी, म्हणून चित्राला जागा जास्त मिळते. दोन्ही चालवणारे प्रोजेक्टर मिळतात पण खटका बदलायला विसरलात तर भोकं फाटतात. पाथे या फ्रेंच कंपनीचं ९.५ मिमी त्याहून जुनं, १९२२ चं, त्याचं भोक बरोबर मधोमध, आणि त्यात एक फार सुंदर युक्ती होती, फिल्मच्या कडेला खाच असायची आणि ती आली की मशीन त्या मजकुराच्या पाटीच्या फ्रेमवर आपोआप थांबायचं, म्हणजे वाचायच्या मजकुरासाठी फूटच्या फूट फिल्म घालवायला नको.

लांबीचं गणित पाठच करा. सुपर ८ मध्ये एका फुटात ७२ फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेमने २०० फुटी रीळ १० मिनिटं, ४०० फुटी २० मिनिटं. घरी बघायच्या प्रिंट विकणाऱ्या कॅसल किंवा केन फिल्म्स या कंपन्यांच्या डब्यांमध्ये बहुतेक वेळा अशीच कापून छोटी केलेली आवृत्ती असते, पूर्ण सिनेमा नाही, त्यामुळे फूट किती ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पूर्ण लांबीचे सिनेमे इंग्लंडच्या डेरॅन कंपनीने बरेच काढले, आणि मूकपट हवे असतील तर अमेरिकेतल्या ब्लॅकहॉकचं नाव आधी शोधा. अर्थात छोट्या आवृत्त्यांना कमी लेखू नका, सिनेमाचे इतिहासकार केविन ब्राउनलो यांना शाळकरी वयात आबेल गान्सच्या ‘नेपोलियन’ या मूकपटाची ९.५ मिमीची दोन रिळं मिळाली आणि तिथूनच तो सिनेमा पुन्हा जुळवण्याचं त्यांचं आयुष्यभराचं काम सुरू झालं.

आता पारखणं, यात घाई नको. डबा उघडला की आधी नाक. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा अॅसिटेटचा बेस, म्हणजे चित्राखालची पारदर्शक पट्टी, सडायला लागलाय, तो पुन्हा बरा होत नाही, आणि निघणारं आम्लच पुढची सड वाढवतं, म्हणून असं रीळ बाकीच्यांपासून लांब ठेवा. मग रीळ उजेडासमोर धरून कडेने बघा, कडेतून उजेड झिरपला तर पॉलिएस्टर, अंधार दिसला तर अॅसिटेट. पॉलिएस्टर सडत नाही, पण फिल्म सिमेंटने (फिल्म जोडायच्या द्रावाने) जोडता येत नाही, टेपचाच जोड लागतो. मग काही फूट उलगडून पांढऱ्या कागदावर धरा. जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग सगळ्यात आधी उडतो आणि सगळं लालसर होतं, ते परत आणता येत नाही. आयबी टेक्निकलर, म्हणजे रंग फिल्मवर छापून काढलेल्या प्रिंट, त्यांचे रंग मात्र टिकतात. ओरखडे कुठल्या बाजूला आहेत तेही बघा, बेसवरचे पडद्यावर काळे दिसतात आणि बरेचसे साफसफाईने सौम्य होतात, पण रंगीत प्रिंटवर हिरवी रेघ दिसली तर इमल्शन, म्हणजे चित्राचा थरच, खरवडलंय, तिथे काही करता येत नाही.

विकणारा “चांगली आहे” म्हणाला तर तेवढ्यावर थांबू नका, सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन फोटो मागा.

प्रोजेक्टर नवीन आणला की तुमची लाडकी प्रिंट त्यात घालायची नाही. आधी टाकाऊ फिल्म तीनचारदा फिरवा, मग तिच्यावर रेघ आली का बघा. जुने रबरी पट्टे वितळून चिकट झालेले असतात ते बदला, आणि प्रत्येक रिळानंतर गेट, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून जाते ती खिडकी, मऊ ब्रशने साफ करा, कारण तिथे साचलेला इमल्शनचा कणच रेघा मारतो.

आता स्वतः प्रिंट काढायची असेल तर. आधी हक्क. अमेरिकेत प्रकाशनाला ९५ वर्षं झालेले सिनेमे मोकळे होतात, बाकी देशांत नियम वेगळे, आणि मूळ सिनेमा मोकळा असला तरी नंतर जोडलेलं संगीत कुणाच्या तरी मालकीचं असू शकतं. प्रिंट तुमच्या कपाटात आहे म्हणजे कॉपी काढायचा हक्कही तुमचा असं अजिबात नाही.

मग मास्टर, म्हणजे जिच्यावरून आपली प्रिंट निघणार ती फिल्म, आणि खरं सगळं इथेच ठरतं. सुपर ८ ची फ्रेम जेमतेम ४ मिमी उंच, त्यावर आधीची प्रत्येक चूक मोठी होऊन दिसते, आणि प्रत्येक पिढीला, म्हणजे प्रतीवरून प्रत काढली की दरवेळी, कॉन्ट्रास्ट वाढत जातो, चेहरे पांढरेफटक आणि सावल्या काळ्याकुट्ट. म्हणून ३५ किंवा १६ मिमीच्या शक्य तितक्या जुन्या पिढीवरून थेट छोट्या गेजचं निगेटिव्ह काढून घ्या. प्रिंटवरून प्रिंट, त्यावरून निगेटिव्ह, असं केलंत तर पैसे जातात आणि चित्रही जातं. मास्टर मवाळ कॉन्ट्रास्टचाच हवा, नुसता बघताना जरा फिका वाटला तरी चालेल.

आवाज मॅग्नेटिक (कडेच्या चुंबकी पट्टीवर) असेल तर तो चित्राच्या १८ फ्रेम पुढे, ऑप्टिकल (फिल्मवरच छापलेला) असेल तर २२ फ्रेम पुढे असतो, लॅबला हे लेखी द्या. याच १८ फ्रेममुळे जोड आला की चित्र आधी उडतं आणि आवाज पाऊण सेकंदाने, म्हणून रिळांचा शेवट संवादाच्या मध्ये कधीच करू नका, दृश्य संपून फेड झाला, म्हणजे चित्र हळूहळू काळं झालं, की तिथे. ८० मिनिटांचा सिनेमा गणिताने ४०० फुटी चार रिळांत बसतो खरा, पण लीडर (रिळाच्या टोकाची कोरी फिल्म) आणि योग्य जागी तोडणं धरलं तर पाचवं लागतंच.

निगेटिव्हचा खर्च एकदाच असतो, तो जितक्या प्रिंटवर वाटला जाईल तितकी एक प्रिंट स्वस्त पडते, त्यामुळे लॅबला ऑर्डर द्यायच्या आधीच घेणाऱ्यांची पक्की यादी करा आणि पैसेही आधी घ्या. आणि एक चेक प्रिंट आल्याशिवाय बाकीच्यांना हिरवा कंदील देऊ नका. ती चेक प्रिंट टेबलावर भिंगाने नाही, अंधारात, मोठ्या पडद्यावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत बघा, आणि रात्रीचे प्रसंग दोनदा.