पायथॉनमध्ये फाइल ओपन करताना या चुका टाळा

"फाइल ओपन केली आणि रिकामीच झाली, आता काय करू?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच नीट लिहून ठेवतो.

ओपनला 'डब्ल्यू' (राइट, म्हणजे लिहिण्याचा) मोड दिला की फाइल त्याच क्षणी रिकामी होते. पुढे राइट करा नाहीतर नका करू, आधीचं सगळं गेलं. आमच्या मंडळाची वर्गणीची यादी मी एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायचो. ऐन गणपतीत एका पोराने घाईघाईत दोन नावं वाढवायला स्क्रिप्ट लिहिली, 'डब्ल्यू'ने फाइल ओपन केली आणि पुढच्याच ओळीत व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलं म्हणून एरर येऊन प्रोग्रॅम थांबला. त्याला वाटलं एरर आली म्हणजे काहीच झालं नाही. फाइल बघतो तर शून्य बाइट! रिसायकल बिनमध्येही नाही, कारण ती डिलीट झालीच नव्हती. मग दोन रात्री पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती समोर घेऊन सगळी नावं परत टाइप केली.

तेव्हापासून माझी सवय अशी: शेवटी भर घालायची तर 'ए', नवीन फाइल बनवायची तर 'एक्स', म्हणजे त्या नावाची फाइल आधीच असेल तर पायथॉन एरर देतो पण तिला हात लावत नाही. आणि जुनी फाइल बदलायचीच असेल तर आधी वेगळ्या नावाने पूर्ण लिहायची, उघडून बघायची, मग ओएस डॉट रिप्लेसने ती जुनीच्या जागी ठेवायची. हे लांबण वाटतं, पण दोन रात्रींपेक्षा कमीच आहे.

दुसरी चूक खास आपल्या मराठीवाल्यांची, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी साठवायची ती पद्धत, न देणं. आपल्याकडच्या बऱ्याच विंडोज मशीनवर पायथॉन न सांगता सीपी-१२५२ हे विंडोजचं जुनं एन्कोडिंग धरतो, आणि त्यात देवनागरी नाहीच. गंमत बघा, यूटीएफ-८ (देवनागरी चालणारं एन्कोडिंग) फाइलमध्ये 'कमल' असेल तर नुसता कचरा दिसतो, पण 'प्रिया' आलं की प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो, कारण 'प्र' या जोडाक्षरात लपलेल्या हलंताचा शेवटचा बाइट ८डी, आणि सीपी-१२५२ मध्ये ती जागा रिकामी आहे. म्हणून लोक म्हणतात "काही नावं चालतात, काही नाही". वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या, बस. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर यूटीएफ-८-सिग. पण ओपनला 'एरर्स इग्नोर' हा पर्याय देऊ नका हो! त्याने एरर जाते आणि सोबत लोकांच्या नावातली अक्षरं पण जातात, तेही न सांगता. हा शॉर्टकट शिकवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

बाकीच्या पटापट.

'विथ' वापरा. नाहीतर फाइल क्लोज करायची राहून जाते आणि लिहिलेलं बफरमध्येच (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) अडकून बसतं.

रीड दोनदा केलं की दुसऱ्यांदा रिकामं येतं, कारण कर्सर शेवटाला पोचलेला असतो. सीक शून्य करून त्याला परत सुरुवातीला न्या.

विंडोजच्या पाथमध्ये बॅकस्लॅशनंतर 'एन' किंवा 'टी' आला की त्याची नवी ओळ नाहीतर टॅब होतो. मी सरळ फॉरवर्ड स्लॅश टाकतो, विंडोजवर पण चालतो.

फाइल समोर दिसतेय तरी 'सापडली नाही' येतंय? प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमधून चाललाय ते ओएस डॉट गेटसीडब्ल्यूडी प्रिंट करून बघा, आणि नोटपॅडने नावाला डबल टीएक्सटी लावलंय का तेही. एवढं बघायच्या आधी कोड बदलत बसू नका.