कोल्हापूरला दोन दिवसांसाठी येताय? या चुका टाळा

शनिवार-रविवार जोडून येणाऱ्या पाहुण्यांची यादी बहुतेक ठरलेली असते. अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा, मिसळ, तांबडा-पांढरा रस्सा, भेळ, चप्पल. यादी चांगलीच आहे, फक्त लोक ती नकाशावरची अंतरं बघून लावतात आणि तिथं फसतात. या गावात प्रत्येक गोष्टीला दिवसातली आपली वेळ आहे. वेळ चुकली की पाहुणा थंड रस्सा पिऊन आणि रांगेत उभं राहून परत जातो. कोल्हापुरात आलेला माणूस असा परत गेला की जिवाला लागतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. पुढचं प्रत्येक शीर्षक म्हणजे पाहुण्यांची एकेक चूक आहे.

मिसळ दुपारी शोधायची

मिसळ हा इथं सकाळचा नाश्ता आहे. उद्यमनगरातल्या फडतरे मिसळीसारख्या नावाजलेल्या ठिकाणी सकाळपासूनच रांग लागते आणि दुपारी उशिरा गेलात तर हात हलवत परतावं लागतं. सुट्टीच्या दिवशी आठच्या आत पोचा. रांग फारच मोठी असेल तर तिथं तासभर ताटकळू नका. कसबा बावड्यात जा, नाही तर ज्या पेठेत उतरलाय तिथल्या माणसाला विचारा. तो सांगेल ती जागा बहुधा नकाशावर नसेल, पण गावातली माणसं रोज तिथंच खातात.

मिसळीबरोबर पाव आला नाही म्हणून बिचकू नका. इथं स्लाइस ब्रेडच देतात, तो कट म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा छान पितो. कट संपला की मागून घ्यायचा, त्यात संकोच कसला? रात्रभर प्रवास करून रिकाम्या पोटी मात्र थेट कटावर ताव मारू नका. आधी चहा-बिस्किट पोटात जाऊ द्या. तोंड पोळलं तर पाण्याचा उपयोग नाही, मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही. दही किंवा ताक घ्या, दोन मिनिटांत बरं वाटेल.

आणि कोल्हापुरी म्हणजे नुसतं तिखटजाळ ही समजूत घरीच ठेवून या. बाहेरगावच्या हॉटेलांत लालभडक रंग ओतून ‘व्हेज कोल्हापुरी’ म्हणून जे देतात त्याचा आमच्या स्वयंपाकाशी संबंध नाही. इथली चव कांदा-लसूण चटणीची. त्यात मिरचीबरोबर भाजलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ आणि खडा मसाला असतो.

पांढरा रस्सा शेवटी प्यायचा

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. ताट आलं की लोक तांबड्यात भाकरी चुरतात, सुकं मटण संपवतात आणि पांढऱ्याची वाटी गार होऊन तशीच राहते. पांढरा रस्सा मटणाच्या अळणीवर होतो. अळणी म्हणजे मटण शिजवलेलं, तिखट न घातलेलं पाणी. त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू आणि अख्खा गरम मसाला. मिरची पूड नाही, हळदीचा रंगही दिसत नाही. तो गरम असतानाच, आधी, वाटी तोंडाला लावून प्यायचा. तांबडा जिभेवर चढला की पांढऱ्यातला वेलची-दालचिनीचा वास कळतच नाही.

नारळाचं दूध घातल्यावर जोराची उकळी आली की रस्सा फुटतो. त्यामुळे पुन्हा पुन्हा तापवलेल्या पांढऱ्यात ती मऊ चव राहत नाही. म्हणून दुपारच्या जेवणाला लवकर बसा, बाराच्या सुमाराला. चार वाजता खानावळ शोधत फिरलात तर बहुतेक चुली विझलेल्या असतात आणि संध्याकाळची वाट बघावी लागते. दोन्ही रस्से पुन्हा वाढून मिळतात, त्यामुळे सुरुवातीलाच भाताचा ढीग घेऊ नका.

शाकाहारी मंडळींनी पनीरच्या भाजीवर वेळ घालवू नये. आख्खा मसूर आणि भाकरी मागा. हा या भागाचा खरा पदार्थ आहे आणि त्याने पोटभर जेवण होतं.

अंबाबाईचं दर्शन ‘उरकायचं’

मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि नवरात्र या काळात सकाळी अकराला महाद्वारात उभं राहिलात तर दुपारचं जेवणही हुकणार. मंदिर पहाटेच उघडतं, तेव्हाच जा. मग मिसळ, असा क्रम आपोआप जुळतो. गाडी महाद्वार रोडला घालू नका, बिंदू चौकाच्या वाहनतळावर लावा आणि चालत या.

रांग आवरण्यापलीकडे गेली असेल आणि बरोबर वयस्कर माणसं असतील तर मुखदर्शन घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण दर्शन झालं की लगेच बाहेर पळू नका. पूर्ण प्रदक्षिणा घाला आणि बाहेरच्या भिंतींवरच्या दगडी मूर्ती नीट बघा. इतकी गर्दी रोज येते आणि त्या भिंतींकडे मान वर करून बघणारे फार थोडे, याचं वाईट वाटतं.

किरणोत्सवाला यायचं असेल तर तारखा आधी बघा: 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी. देवी पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि दिवसागणिक पायापासून मुखापर्यंत चढतात. ढग आले किंवा हवेत धूळ-बाष्प जास्त असलं तर किरणं पोचत नाहीत. म्हणून एकाच दिवसावर भिस्त ठेवू नका.

पन्हाळा आणि जोतिबा संध्याकाळच्या दोन तासांत

पन्हाळा शहरापासून वीसेक किलोमीटर, म्हणून लोक तो शेवटी ठेवतात आणि अंधारात परततात. हा अर्ध्या दिवसाचा गड आहे. तीन दरवाजा, अंबरखान्याची धान्यकोठारं, अंधारबाव, सज्जाकोठी. सिद्दी जौहरचा वेढा फोडून 1660 च्या जुलैत शिवाजी महाराज इथूनच विशाळगडाकडे निघाले. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात पन्हाळा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी निघा, गडावर झुणका-भाकर खा आणि उतरताना जोतिबा करा. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही, तेव्हा कड्याकडेला जाऊ नका.

पावसानं गड हुकलाच तर टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय बघा, सोमवार सोडून. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथं आहे. पंचगंगेच्या काठी ग्रीक समुद्रदेव सापडावा, यावरून इथला जुना व्यापार किती लांबवर पोचला होता ते कळतं. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात आत फोटो काढू देत नाहीत, त्यावरून रखवालदाराशी वाद घालू नका.

संध्याकाळ हॉटेलच्या खोलीत

भेळेची वेळ हीच. खासबागेत राजाभाऊंची भेळ खा. शेजारीच शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं कुस्तीचं मैदान आहे. रोज कुस्त्या असतात असं समजून येऊ नका, मैदान ठरलेल्या दिवशीच भरतं. नंतर रंकाळ्यावर चक्कर मारा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. ते न उकळलेलं असतं. सवय नसेल किंवा बरोबर लहान मूल, गरोदर बाई असेल तर नको, तापवलेलं मसाला दूध प्या.

चप्पल घेतली आणि लगेच पायात घातली

खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची असते आणि चामड्याच्याच वादीनं शिवतात. घेताना उलटी करून खिळे किंवा रबर आहे का बघा. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. नवी चप्पल सुरुवातीला चावते. तिला आतून-बाहेरून थोडं तेल लावा, रोज तासभरच घाला. नवी घालून पन्हाळा चढू नका. भिजली तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, तडकते. सावलीत वाळवून पुन्हा तेलाचा हात द्या. पावसाळ्यात घेतली असेल तर सरळ कागदात गुंडाळून घरी न्या आणि दसऱ्याला काढा.