वेल्समधल्या गावात घर घेतलंय? सॉफ्टनर मागवण्याआधी नळाचं पाणी तपासा

लंडन किंवा केंटचं पाणी जड, म्हणजे चुना विरघळलेलं. तिथून वेल्समध्ये राहायला येणारी माणसं सवयीने आधी सॉफ्टनरची, म्हणजे पाण्यातला चुना काढणाऱ्या यंत्राची, चौकशी करतात. बहुतेक गावांत तो पैसा वाया जातो. वेल्सचं बरंचसं पाणी डोंगरातल्या जलाशयांतून येतं. पाऊस जुन्या टणक खडकावर आणि पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) पाणथळीवर पडतो, त्याला विरघळवायला चुना मिळतच नाही. एलान खोऱ्यातलं असं पाणी १९०४ पासून बर्मिंगहॅमला जातं, म्हणून त्या शहरात किटल्यांना फारसा थर धरत नाही. चुनखडकाच्या पट्ट्यांत मात्र चित्र वेगळं असतं. व्हेल ऑफ ग्लमॉर्गन, दक्षिण पेम्ब्रोकशर किंवा फ्लिंटशरच्या हॅल्किन डोंगराजवळ घरचं बोअर असेल, तर पाणी जड निघण्याची शक्यता धरून चाला.

आधी पाण्याच्या कठीणतेचा, म्हणजे जडपणाचा, आकडा मिळवा. बहुतेक वेल्सला ‘डूर कम्री वेल्श वॉटर’ ही कंपनी पाणी पुरवते. रेक्सम आणि पॉविसच्या काही भागात ‘हाव्रेन दव्रदुई’ (Hafren Dyfrdwy) ही कंपनी. कंपनीच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की तुमच्या पुरवठा विभागाचा अहवाल मिळतो. घोटाळा होतो तो एककांत. ‘कठीणता २२’ असं नुसतं लिहून काही कळत नाही. कॅल्शियम म्हणून २२ मिलिग्रॅम प्रति लिटर असेल, तर २.५ ने गुणा. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ते ५५ होतं, म्हणजे हलकंच पाणी. तोच आकडा जर्मन अंशांत असेल, तर १७.८ ने गुणल्यावर जवळपास ३९० येतो, आणि ते पाणी फारच जड. क्लार्क अंश असतील तर १४.२५ ने गुणायचं. ढोबळमानाने कार्बोनेटच्या हिशेबात ५० पर्यंत हलकं, २०० च्या पुढे जड. कठीणतेला कायद्याची कमाल मर्यादा नाही, त्यामुळे जड पाण्याबद्दल तक्रार करून काही हाती लागत नाही.

घरी मोजायचं असेल तर मत्स्यटाकीसाठी मिळणारा थेंबांचा संच घ्या. कागदी पट्ट्या हलक्या पाण्यात फसवतात. सगळ्यात खालच्या दोन रंगांत फरकच दिसत नाही. नेहमीच्या संचात ५ मिलि पाण्याचा रंग लालचा हिरवा होईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश. हलक्या पाण्यात पहिल्या-दुसऱ्या थेंबालाच रंग पालटतो. नेमकेपणा हवा तर १० मिलि पाणी घ्या आणि थेंबांची संख्या निम्मी करा.

डिशवॉशरमधली पाण्याच्या कठीणतेची सेटिंग या आकड्यावर ठेवा. बऱ्याच यंत्रांत ती जर्मन अंशांत विचारतात आणि अगदी खालच्या पायरीवर मीठ लागतच नाही. पावडर मात्र बेताने घाला: हलक्या पाण्यात जास्त पावडर आणि जास्त तापमान यांनी काचेचे पेले कायमचे धुरकट होतात. व्हिनेगरने पुसून धुरकटपणा गेला तर तो चुन्याचा थर होता. गेला नाही तर काच खाल्ली गेली आहे. कपड्यांनाही खोक्यावर हलक्या पाण्यासाठी दिलेलंच माप घ्या, नाहीतर फेस निघता निघत नाही.

आता खरी काळजी. हलकं, किंचित आम्लधर्मी पाणी शिसं आणि तांबं विरघळवतं. १९७० च्या आधीचं घर असेल, तर सिंकखालच्या मेन कॉककडे येणारी नळी पाहा. मळकट करडी, वाकलेली, जोडापाशी फुगीर नळी नाण्याने हलकेच खरवडली आणि खाली चंदेरी चकाकी दिसली, तर ते शिसं. तांबं खरवडल्यावर लालसर दिसतं. लोखंडाला चुंबक चिकटतो. शिशाची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. कंपन्या शिशाच्या नळ्यांसाठी पाण्यात ऑर्थोफॉस्फेट हे रसायन घालतात, त्याने आतून पातळ कवच धरतं, पण त्यावर कायमचं विसंबू नये. उकळून शिसं जात नाही, उलट वाफ गेल्याने प्रमाण वाढतं.

नळी बदलेपर्यंत रात्रभर थांबलेलं पाणी पिऊ नका. अर्धा इंच आतल्या व्यासाच्या नळीत मीटरला साधारण १२५ मिलि पाणी मावतं. २० मीटर नळी म्हणजे अडीच लिटर. सकाळी भांडी धुण्याच्या टबात तेवढं सोडून वर थोडं आणखी सोडा आणि झाडांना घाला. नळी बदलताना हद्दीपर्यंतची कंपनीची, पुढची तुमची, म्हणून खोदण्याआधी कंपनीला लेखी कळवा. फक्त अर्धी बदलली तर उरलेलं शिसं ढवळून काही काळ प्रमाण वाढूही शकतं. नवी निळी पॉलिथिनची नळी किमान ७५० मिमी खोल टाकावी, नाहीतर थंडीत गोठते. बेसिनवर निळसर-हिरवे डाग पडत असतील, तर तांबं विरघळतं आहे. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता, तपासून घ्या.

पेल्यातलं पाणी दुधासारखं आलं तर एक मिनिट टेबलावर ठेवा. खालून वर स्वच्छ होत गेलं तर ती हवा आहे, सोडून द्या. तपकिरी पाणी येतं ते मुख्य वाहिनीतला लोह-मँगनीजचा गाळ हलल्यामुळे. स्वयंपाकघरातला थंड नळ निवळेपर्यंत हळू चालू ठेवा, तोवर कपडे धुवायला टाकू नका. जंतुनाशक औषधासारखी चव बहुधा रबरी नळीची असते: वॉशिंग मशीनचा कॉक बंद करा, मग चव पाहा. चहालाच वास येत असेल, तर तेच पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळून चाखा. तिथे वास नसेल तर दोष किटलीचा.

झऱ्याचं किंवा बोअरचं खाजगी पाणी असेल, तर २०१७ चे खाजगी पाणीपुरवठ्याचे वेल्श नियम लागू होतात. एकाच घराचा पुरवठा असेल, तर स्थानिक कौन्सिलला सांगून जोखीम तपासणी करून घ्या. आम्लधर्मी पाण्याला चुनखडीच्या कणांची टाकी बसवतात. कण झिजत जातात, भर घालावी लागते. पुढे ५ मायक्रॉनचा फिल्टर आणि शेवटी जंतू मारणारा यूव्ही (अतिनील) दिवा, हा क्रम उलटा नको, कारण गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत. दिवा पेटलेला दिसला तरी वर्षाला बदलायचा, त्याच्याभोवतीची क्वार्ट्झची नळीही तेव्हाच पुसायची. चुनखडकाच्या बोअरवर सॉफ्टनर बसवलाच, तर स्वयंपाकघरातला एक नळ त्याच्या आधीच्या जोडावर ठेवा: दर १०० मिलिग्रॅम कठीणता काढताना पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. आणि जंतूंसाठी नमुना घ्यायचा तो जोराच्या पावसानंतर, कोरड्या आठवड्यात नव्हे.